रँग्लरची लेक आणि केंब्रिजचा उंबरठा

‘रँग्लर’ हा शब्द मराठी माणसाने केव्हाच आपलासा केला. फर्ग्युसनचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर, म्हणजे पहिले आले आणि पुण्याची मान उंचावली. त्याच केंब्रिजने स्त्रियांना कसे वागवले, हे मात्र आपल्या कौतुकात सहसा येत नाही.

ऑक्सफर्ड सोडून आलेल्या विद्वानांनी १२०९ साली हे विद्यापीठ सुरू केले. पीटरहाऊस हे १२८४ चे सर्वांत जुने कॉलेज. आज कॉलेजे आहेत ३१. राहणे, जेवणाची पंगत, दोघातिघांना समोर बसवून शिकवणे हे कॉलेजचे काम. परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. ही वाटणी उत्तमच. पण मेखही तिच्यातच होती. नवे कॉलेज काढून मुलींना शिकवता येई. पदवीच्या किल्ल्या मात्र जुन्या पदवीधरांच्या कमरेला.

१८६९ साली गर्टन आणि १८७१ साली न्यूनम निघाले. १८९० साली न्यूनमच्या फिलिपा फॉसेट यांनी गणितात सीनिअर रँग्लरपेक्षा अधिक गुण मिळवले. किताब मात्र पुरुषालाच गेला. स्त्रियांना पदवी देण्याचा प्रस्ताव १८९७ साली १७०७ विरुद्ध ६६१ मतांनी फेटाळला गेला. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी सायकलवरच्या स्त्रीचा पुतळा भर रस्त्यावर टांगला होता. १९२१ साली पुन्हा नकार आला. पदरी पडले ते पदवीचे नुसते नाव, सभासदत्वाचे हक्क नाहीत.

रँग्लर परांजप्यांची कन्या शकुंतला न्यूनममध्ये गणित शिकून १९२९ साली बाहेर पडल्या, त्या याच काळात. बाप ज्या विद्यापीठाचे भूषण, तिथे लेक पुरती सभासदही होऊ शकत नव्हती! हा हक्क स्त्रियांना मिळाला १९४८ साली.

काळच तसा होता, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. लंडन विद्यापीठाने १८७८ सालीच स्त्रियांना पदवीचे दार उघडले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८० च्या दशकातच मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. ज्यांना आपण मागासलेले म्हणवून घेत होतो, ते आपण या एका बाबतीत केंब्रिजच्या साठ वर्षे पुढे होतो.

म्हणून केंब्रिजकडून घ्यायचे तर छोट्या वर्गातले शिकवणे घ्यावे, जुनेपणाचा दरारा नको. आणि आपल्या संस्थांतही मुली किती आल्या एवढेच मोजून थांबू नये. निर्णयाच्या मेजाभोवती किती जणी बसल्या, तेही मोजावे. वर्गात जागा देणे सोपे असते. मताचा हक्क देताना संस्थेची खरी परीक्षा होते.