ओढ्याला भिंत घालणाऱ्यांना

25 सप्टेंबर 2019च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, घरं-गाड्या वाहून गेल्या. तेव्हापासून ओढ्याचा काठ खचला की एकच औषध सुचतं: सीमाभिंत. काठावर माणसं राहतात, त्यांनी काय झाडाच्या मुळांवर विसंबून झोपायचं, असा सवाल असतो. सवाल रास्त आहे. उत्तर मात्र चुकलेलं आहे.

भिंत पाण्याचा जोर मोडत नाही, पुढच्या वस्तीकडे ढकलते. गुळगुळीत काँक्रीटलगत पाणी वेगाने धावतं आणि भिंत संपते तिथला उघडा काठ खरवडतं. पायाखालची माती निघाली की भिंतही अधांतरी. शिवाय पाठीमागच्या मातीत मुरलेल्या पाण्याला वाट ठेवली नसेल, तर तेच तिला ओढ्यात ढकलतं.

आता मुळांचं. वाळुंज या झाडाच्या ओल्या फांद्या ओलसर उतारात ठोकल्या की त्या मुळं धरतात. खुंटा आणि रोप दोन्ही एकच फांदी. वाळा या गवताची मुळं पसरत न बसता दोन-तीन मीटर सरळ खाली उतरतात. शेरणी हे झुडूप तर खडकाळ पात्रातलंच. लोंढ्यात वाकते, मोडत नाही. ‘झुडपं पुराची वाट अडवतात’ म्हणणाऱ्यांनी ती पाहावी. काठालगतचा वेग ती कमी करते, आणि तेच तर हवं आहे. पात्राच्या मधोमध मोठी झाडं नकोत, हे मान्य.

‘झाडांनी काठ सावरणं हे परदेशी थंड हवेतलं खूळ’ हा आक्षेप सिंगापूरने निकालात काढला आहे. तिथे पाऊस पुण्याच्या सुमारे तिप्पट, जमीन सोन्याच्या भावाची. तरी बिशान-आंग मो किओ उद्यानात कालांग नदीचा 2.7 किलोमीटरचा काँक्रीट कालवा काढून 3.2 किलोमीटरचा वळणावळणाचा प्रवाह केला. 2012मध्ये तो खुला झाला. त्याआधी, 2009मध्ये, उद्यानातल्याच एका नाल्यावर 60 मीटरच्या पट्ट्यात काठ असा सावरण्याच्या दहा पद्धती तपासून घेतल्या होत्या.

अर्थात, खड्डे खणून गुलमोहर लावणारे आणि फोटो काढून घरी जाणारे वृक्षप्रेमीही इथे कामाचे नाहीत. पायथ्याला दगड लागतो, मुळं धरेपर्यंत काथ्याची जाळी लागते, मेलेल्या फांद्या बदलाव्या लागतात. जिथे घराचा पायाच पाण्याला टेकलाय, तिथे भिंतच बांधावी लागेल. हिरवा काठ रुंदी मागतो, आणि खरं दुखणं तिथेच आहे: ती रुंदी आपण बांधकामांना देऊन बसलो. मुळांच्या ताकदीवरची शंका हा नुसता बहाणा.

महापालिकेने पुढच्या भिंतीची निविदा काढण्याआधी एका ओढ्याचा 60 मीटर काठ वाळुंज-शेरणीला द्यावा, तीन पावसाळे मोजमापं घ्यावीत आणि ती जाहीर करावीत.