ट्रॅक्टरचे भाडे तासावर हवे, एकरावर नको

पाडवा ओलांडला की गावोगाव नांगरटीचे दर निघतात. मेअखेरीस रोटाव्हेटरचे आणि मृगाच्या तोंडावर पेरणीचे निघतात. ते ठरतात तीन गोष्टींवर : गेल्या वर्षी काय होते, शेजारच्या गावात काय चालले आहे आणि डिझेल कुठवर गेले. प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब या तिन्हींत क्वचितच असतो. हा प्रश्न किरकोळ नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. एवढ्या जमिनीवर स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही आणि घरच्या बैलांचा आधारही आता बहुतेकांना उरलेला नाही. त्यामुळे नांगरटीपासून पऱ्हाटीच्या किंवा पाचटाच्या कुट्टीपर्यंतची कामे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने करून घेणे हाच बहुसंख्यांचा मार्ग आहे. ट्रॅक्टरवालाही बहुधा त्याच गावातला, कर्ज काढून यंत्र घेतलेला शेतकरीच असतो. या दोघांमधला व्यवहार ‘एकरी इतके’ अशा एका आकड्यावर चालतो आणि तो आकडा दोघांचेही नुकसान करतो. त्याऐवजी भाड्याचे दोन भाग करावेत : शेतापर्यंत येण्या-जाण्याचा ठरावीक आकार आणि प्रत्यक्ष कामाचा ताशी दर. हे दोन्ही आकडे हंगामाआधी गावात जाहीर झालेले असावेत.

आधी खर्च पाहू. शेतीयंत्राचा खर्च कसा काढावा याचे भारतीय मानक, आयएस ९१६४, १९७९ पासून उपलब्ध आहे. त्याची रीत सोपी आहे. घसारा, भांडवलावरील व्याज, विमा, शेड हा स्थिर खर्च यंत्र उभे असले तरी होतो. डिझेल, ऑइल, दुरुस्ती, ड्रायव्हरची मजुरी हा चल खर्च यंत्र चालले की होतो. उदाहरणादाखल ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून नऊ लाख रुपये धरू, दहा वर्षांनी दहा टक्के किंमत उरेल असे मानू आणि वर्षाला ५०० तास काम मिळते असे समजू. घसारा तासाला १६२ रुपये होतो. सरासरी भांडवलावर दहा टक्के व्याज धरले तर ९९ रुपये आणि विमा व शेडचे दोन टक्क्यांनी ३६ रुपये. स्थिर खर्च झाला २९७. तासाला पाच लिटर डिझेल, लिटरला ९० रुपये धरून ४५०. टायर, पाती, ऑइल, दुरुस्तीला १०० आणि ड्रायव्हरला १००. एकूण साडेनऊशे रुपयांच्या घरात जाते. मालकाची देखरेख आणि जोखीम यांचे पंधरा टक्के मिळवले की दर ११०० च्या आसपास येतो. यंत्र, जमीन आणि गाव बदलले की आकडे बदलतील, पण हिशेबाची चौकट बदलणार नाही.

या चौकटीतून दोन गोष्टी उघड होतात. पहिली, डिझेल हा एकूण खर्चाच्या निम्म्याहूनही कमी भाग आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले आणि तेव्हापासून भाडेवाढीचे तेच एक कारण पुढे केले जाते. वास्तविक डिझेल लिटरमागे पाच रुपयांनी महागले तर वरच्या उदाहरणात तासाचा खर्च २५ रुपयांनीच वाढतो. त्याच्या नावावर एकरी दोनशे रुपये वाढवणे समर्थनीय नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खर्चावर सर्वांत मोठा परिणाम यंत्राला मिळणाऱ्या तासांचा होतो. हाच ट्रॅक्टर वर्षाला एक हजार तास चालला तर स्थिर खर्च निम्मा होतो आणि एकूण खर्च आठशेवर येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ही सवलत स्वागतार्ह आहे, पण या उदाहरणात तिचा फायदा तासाला पंधरा रुपयांच्या आसपास भरतो. काम दुप्पट मिळण्याचा फायदा दीडशे रुपये आहे. गावात ट्रॅक्टर वाढले की प्रत्येकाचे तास घटतात आणि दर पाडण्याची चढाओढ सुरू होते. ५०० तास काम असलेल्या मालकाने ताशी ८०० दराने काम घेतले, तर डिझेल, दुरुस्ती आणि ड्रायव्हर भागवून त्याच्या हातात दीडशे रुपये दिसतात. प्रत्यक्षात तो तासाला दीडशे, म्हणजे वर्षाला पाऊण लाख रुपये गमावत असतो. हे कळते ते टायर बदलायची किंवा इंजिनचे काम करायची वेळ आल्यावर, आणि तोवर कर्जाचे हप्ते थकलेले असतात.

आता एकरी दराकडे वळू. त्यात प्रत्येक एकर सारखाच धरलेला असतो. सहा फुटी रोटाव्हेटर तासाला तीन किलोमीटर वेगाने चालला, तर कागदावर तासाला एक एकर चौदा गुंठे होतात. वळणात जाणारा वेळ वजा केला की साधारण एक एकर. पण हा हिशेब सलग रानाचा आहे. एका चौरस एकरात सहा फुटांचे ३५ पट्टे बसतात. तोच एकर दहा-दहा गुंठ्यांच्या चार चौकोनी तुकड्यांत विभागला की पट्टे होतात ७२, म्हणजे वळणेही दुप्पट. प्रत्येक बांधाशी थांबणे, अवजार उचलणे, मागे घेणे आलेच. शिवाय जाण्या-येण्याचा वेळ वेगळा. शेत तीन किलोमीटरवर असेल तर ताशी पंधरा किलोमीटरने जाऊन-येऊन २४ मिनिटे लागतात. दहा गुंठ्यांचे काम वीस मिनिटांचे आणि प्रवास त्याहून मोठा. एकरी ११०० रुपये दराने या कामाचे मिळतात २७५. खर्च त्याच्या दुपटीच्या घरात जातो. मग ट्रॅक्टरवाला ‘उद्या येतो’ म्हणतो आणि येत नाही. वाफसा चार-सहा दिवसांचाच असतो. त्या दिवसांत मोठे, सलग, रस्त्याकडेचे रान आधी होते. लहान तुकडेवाल्याची पाळी येईपर्यंत ओल उडालेली असते. एकरी दर सर्वांना सारखा दिसतो, पण त्याची किंमत लहान शेतकरी पैशांऐवजी चुकलेल्या पेरणीने मोजतो. त्यात क्षेत्राचाही वाद असतो. सातबारावरच्या एकूण क्षेत्रात पोटखराबाही धरलेला असतो. प्रत्यक्ष वहितीखालचे रान त्याहून कमी भरते आणि शेवटी बांधावर उभे राहून घासाघीस होते.

कामाच्या दर्जावरही एकरी दराचा परिणाम होतो. एकरावर पैसे मिळत असतील तर लवकर उरकण्यातच चालकाचा फायदा. नांगर दोन इंच उथळ लागला तर वरून ओळखू येत नाही. गिअर वाढवून रोटाव्हेटर पळवला तर ढेकळे राहतात. कुट्टीच्या कामात हे अधिक स्पष्ट दिसते. विरळ पऱ्हाटी आणि माणसाच्या उंचीची दाट पऱ्हाटी यांना सारखाच वेळ लागत नाही. उसाचे पाचट किती जाड पडले आहे त्यावर वेग ठरतो. दर सारखाच असेल तर दाट रानात यंत्र पळवले जाते, लांब तुकडे तसेच राहतात आणि पुढच्या मशागतीत अडकतात. अखेर वैतागून शेतकरी काडी लावतो. ज्या सेंद्रिय पदार्थासाठी कुट्टीचा खर्च केला तो धुरात जातो. गवतात लपलेल्या दगडाने पाते तुटले तर त्याचा भार कुणी घ्यायचा, हेही एकरी बोलीत ठरलेले नसते. ताशी बोलीत ते आधीच स्पष्ट करता येते : दगड, खुंट, पाइपलाइन शेतकऱ्याने दाखवावी, दाखवलेल्या जागी यंत्र आदळले तर नुकसान चालकाचे, न दाखवलेल्या जागी आदळले तर शेतमालकाचे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : तासावर पैसे दिले की चालक रेंगाळेल. शंका रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. अवजार आणि जमीन यांनुसार कामाचे प्रमाण आधीच ठरवता येते. सलग रानात रोटाव्हेटरला एकराला जास्तीत जास्त सव्वा तास, अशी मर्यादा बोलीत घालावी. त्यापुढचा वेळ चालकाच्या खात्यावर. वेळ ट्रॅक्टरच्या मीटरवरून न मोजता घड्याळावरून मोजावा, कारण जुन्या यांत्रिक मीटरचा आकडा इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन मंद चालले तर घड्याळातला तास मीटरवर पूर्ण तास दिसत नाही. रेंगाळलेले काम शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसते आणि तो हटकू शकतो. उथळ नांगरट मात्र पीक उभे राहिल्यावरच कळते. दोन धोक्यांपैकी दिसणारा धोका पत्करणे शहाणपणाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जाण्या-येण्याचा आकार लावला तर लहान शेतकऱ्यावरच बोजा पडेल. एकट्याने बोलावले तर तो पडेल, हे खरे आहे. वरच्या उदाहरणात फेरीचा खर्च तीनशेच्या आसपास येतो. पण तो वेगळा मांडला की वाटूनही घेता येतो. एका शिवारातल्या चार लगतच्या शेतकऱ्यांनी एकाच दिवशी नोंदणी केली तर प्रत्येकी ७५ रुपये पडतात आणि ट्रॅक्टरलाही सलग काम मिळते. इरजिक आणि सावड या पद्धतींनी बैल आणि माणसे एकत्र आणून शेती करणाऱ्या समाजाला ही रीत परकी नाही. फेरीचा खर्च एकरी दरात दडलेला असतो तेव्हा एकत्र येण्याचा फायदा कुणालाच दिसत नाही. तो दिसू लागला की एकत्र येण्याला कारण मिळते.

मग सरकारनेच दर का ठरवू नये, असेही विचारले जाईल. कारण विदर्भातली भारी काळी जमीन आणि मावळातली मुरमाड जमीन यांना एक दर लावणे चुकीचे ठरेल, आणि परवडत नसलेल्या दराने ट्रॅक्टर शेतात येणारच नाही. सक्ती नको, जाहीर हिशेब हवा. सारे बाजारावर सोपवा, असे म्हणणाऱ्यांनाही उत्तर हेच आहे. वाफशावर सगळ्यांना एकाच आठवड्यात ट्रॅक्टर हवा असतो, तेव्हा अडलेला शेतकरी घासाघीस करू शकत नाही. आधी जाहीर झालेला दर हीच त्याची ढाल. त्या दरात डिझेलचे सूत्रही लिहावे : लिटरमागे एक रुपया बदलला तर तासाला पाच रुपये बदलतील. उधारीही उघडपणे मांडावी. सुगीनंतर पैसे देण्याची रीत गावात राहणारच, पण वर्षाला बारा टक्के धरले तर सहा महिन्यांच्या उधारीची किंमत ११०० रुपयांवर ६६ रुपये होते. ती सगळ्यांच्या दरात मिसळली की रोख देणारा दुसऱ्याच्या उधारीचे व्याज भरतो.

या बदलाची सुरुवात सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या अवजार बँका आणि भाडेतत्त्वावरील सेवा केंद्रांनी करायला हवी. २०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून त्यांना अनुदान मिळते. भांडवलाचा ४० टक्के भाग अनुदानातून आला असेल, तर वरच्या हिशेबात तासाला शंभर रुपयांची बचत होते. ही बचत संस्थेच्या ताळेबंदात न मुरता सभासदाच्या दरात दिसली पाहिजे, आणि अनुदानाची ती अट असली पाहिजे. शिवाय यंत्र वर्षात किती तास चालले आणि दोन एकरांखालील किती शेतकऱ्यांचे काम झाले, हे आकडेही केंद्राने फलकावर लावावेत. सालगड्याची बोली अनेक गावांत पाडव्यालाच होते, कारण वर्षाचे काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंना आपले देणेघेणे ठाऊक असावे लागते. ट्रॅक्टरचे भाडेही त्याच दिवशी ग्रामसभेत किंवा शेतकरी गटात मांडावे : फेरीचा आकार, प्रत्येक अवजाराचा ताशी दर, एकराला वेळेची मर्यादा, डिझेलचे सूत्र आणि रोख-उधारीतला फरक. या पाच ओळी फलकावर लिहायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. त्या लिहिल्या गेल्या, तर ट्रॅक्टरवाल्याला आपले यंत्र वाचवता येईल आणि दहा गुंठेवाल्याला वाफसा साधता येईल.