एक कोयता, दोन माणसे

विजयादशमी उलटून दिवाळी जवळ आली की बीड, जालना, परभणी या जिल्ह्यांतील व पाथर्डी-शेवगावकडील कित्येक गावांत घरांना कुलपे लागू लागतात. म्हातारी माणसे ओसरीवर राहतात. कर्ती माणसे, कडेवरची मुले, एखाददुसरी शेळी, पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते आणि तवा-परात असे सारे बिऱ्हाड ट्रकमध्ये चढते, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा थेट बेळगावकडील साखर कारखान्यांच्या वाटेला लागते. ते परततात चैत्राच्या उन्हात. वर्षाचा जवळजवळ अर्धा संसार असा परमुलखात होतो. वाचकहो, गृहिणीधर्मावर सुंदर लेख लिहिणाऱ्यांची आपल्या भाषेत वाण नाही. परंतु त्या लेखांतील गृहिणीला निदान गृह तरी असते. आज आम्ही ज्या संसाराविषयी लिहीत आहोत त्यास तेही नाही.

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा व बायको या जोडीस एक नाव आहे. ते नाव ‘कोयता’. मुकादम माणसे मोजीत नाही, कोयते मोजतो. हंगामापूर्वी जी उचल दिली जाते ती कोयत्यास दिली जाते. म्हणजेच ती नवऱ्याच्या हाती पडते व कागद असलाच तर त्यावर अंगठा वा सही नवऱ्याची असते. एकटा पुरुष वा एकटी बाई म्हणजे ‘अर्धा कोयता’. ज्या देशात विवाहास संस्कार म्हणतात, सात जन्मांची गाठ म्हणतात, त्याच देशात विवाहाचा उपयोग मजुरीचे परिमाण म्हणून होत आहे, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. दोन माणसांचे मिळून एक अवजार झाले आहे. त्या अवजाराचा एक भाग पैसे मोजून घेतो. दुसऱ्या भागास आपल्या घामाचे किती झाले हे हंगाम सरला तरी कळत नाही.

त्या दुसऱ्या भागाचा दिवस कसा जातो ते पाहावे. कारखान्याच्या तळावर वा फडाजवळ बांबू, चटई व पाचट यांची कोपी उभी असते. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. पहाटे तीन-चारला बाई उठते, कारण अंघोळ व इतर विधी अंधारातच उरकावे लागतात. आडोसा म्हणून तिला अंधाराखेरीज दुसरे काही नाही. पाणी लांबून आणावयाचे, तीन दगडांची चूल पेटवावयाची, दोन्ही वेळच्या भाकरी थापावयाच्या, लहान मूल थोरल्या मुलीच्या हवाली करावयाचे, म्हणजे त्या थोरलीची शाळा त्याच क्षणी बुडाली, आणि उजाडण्यापूर्वी फडात हजर व्हावयाचे. नवरा ऊस तोडतो. ती तोडते, पाला साळते, मोळ्या बांधते, आणि वाहन आले की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. सायंकाळी दोघेही सारखेच मोडून कोपीवर येतात. तेथून पुढे मात्र सारखेपणा संपतो. तो बाजेवर अंग टाकतो; ती पुन्हा चुलीपुढे बसते.

येथे आमच्या पुरुष वाचकांपैकी कोणी म्हणेल की, मुकादमाचा अपराध नवऱ्याच्या माथी का मारता? आम्ही तसे करीत नाही. तो बिचारा उचलीखाली तितकाच दबलेला आहे. परंतु चूल पेटविण्यास मुकादमाची मनाई नाही, घागर भरण्यास कारखान्याचा परवाना लागत नाही. आणि हे केवळ कोपीत चालते असेही नव्हे. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत आढळले की घरकाम करणारी स्त्री दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात घालविते, तर घरकामास हात लावणारा पुरुष ९७ मिनिटे. आणि असा हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस. पक्क्या घरात राहणाऱ्या, नळ व गॅस असलेल्या आमच्या सुशिक्षित बांधवांनी या आकड्यांत आपण कोठे बसतो ते मनाशी पडताळून पाहावे.

रजा या संसारात नाही. दोघांपैकी एकाने एक दिवस काम बुडविले की त्यास ‘खाडा’ म्हणतात व त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. ताप आला तरी खाडा, मूल आजारी पडले तरी खाडा, मासिक पाळीच्या वेदनांनी उठवेना तरी खाडाच. या खाड्याची परिणती काय झाली ती २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने वाचली. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ऐन उमेदीच्या वयातील या स्त्रिया. सर्वच शस्त्रक्रिया खाड्याच्या भीतीने झाल्या असे कोणी म्हणणार नाही. परंतु दिवस बुडू नये म्हणून, आणि कॅन्सरची धास्ती कोणी घातली म्हणून पोट कापून घेतल्याचे त्यांतील अनेकींनी सांगितले. विधिमंडळात चर्चा झाली, समिती बसली, शिफारशी आल्या. कोयता मात्र कोयताच राहिला.

याच हिशेबातून मुलींची लग्ने लवकर होतात. मुलीस मागे एकटी ठेवण्याचे भय एकीकडे, आणि जोडी झाली म्हणजे पूर्ण कोयत्याची उचल मिळेल हा लोभ दुसरीकडे. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा या दोहोंच्या मध्ये चिरडला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत मायबहिणींना बजावले होते की मुलांची लग्ने घाईने उरकू नका, विवाह ही जोखीम आहे, आणि पत्नीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे. त्याही पूर्वी, १९२८ साली, मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतीच्या सवलतीचे बिल आले तेव्हा त्यांनी त्याची बाजू घेतली होती. तो कायदा १९२९ साली झाला व गिरणी-कारखान्यांतील बाईस बाळंतपणाची रजा मिळाली. कारखान्याच्या आत काम करणाऱ्या बाईस मिळालेला तो हक्क, त्याच कारखान्याला ऊस पुरविणाऱ्या बाईपर्यंत आजही पोहोचलेला नाही. ती कारखान्याची नोकर नाही असे कारखाना म्हणतो. ती मुकादमाची नोकर नाही असे मुकादम म्हणतो, कारण व्यवहार तिच्या नवऱ्याशी झाला आहे. मग ती कोणाची?

भगवान बुद्धांनी सिगालास उपदेश करताना पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली त्यांत पत्नीचा मान राखणे, तिची अवहेलना न करणे यांबरोबरच घरातील अधिकार तिच्या हाती सोपविणे हेही एक आहे. हे सुत्त आपल्या विवाहविधीच्या वेळी ऐकविणारे बंधू पुष्कळ आहेत. त्यांस आमचा सरळ प्रश्न आहे: ज्या घराच्या उताऱ्यावर तिचे नाव नाही, ज्या उचलीतील पै तिला दिसत नाही, त्या घरात तिच्या हाती कोणता अधिकार सोपविला? समान कामास समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्यात आले व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. परंतु वेतन समान देण्यासाठी प्रथम ते तिला दिले पाहिजे!

२०२१ साली राज्य शासनाने ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्रे देण्याचे ठरविले. आमच्या वाचकांत शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीचे सभासद आहेत, लिहितावाचता येणारी तरुण मुले-मुली तर गावोगाव आहेत. त्यांनी येत्या हंगामापूर्वी आपल्या वस्तीतील प्रत्येक जोडप्याकडे जावे. ओळखपत्राचा अर्ज दोघांचा वेगवेगळा भरला आहे की नाही हे पाहावे. बाईचे बँकेत स्वतःचे खाते नसेल तर ते उघडून द्यावे. उचलीचा कागद होताना तेथे बसावे, त्यावर दोघांची नावे व दोघांच्या रकमा निरनिराळ्या मांडण्याचा आग्रह धरावा आणि कागदाची नक्कल बाईच्या हाती द्यावी. मुकादम हसेल, कदाचित चिडेलही. नवराही प्रथम कुरकुरेल. त्यास शेजारी बसवून एवढेच विचारावे की, उद्या तुझे काही बरेवाईट झाले तर ही उचल कोणाकडून वसूल होईल? उत्तर त्यास ठाऊक आहे. फेडण्याच्या वेळी जिचे नाव निघते, तिचे नाव घेण्याच्या वेळीही कागदावर असू द्या.