शेवटची दहा मिनिटं

"आई, रविवारी मी तुझ्याबरोबर मॅचला येतो," लेकीनं जेवताना जाहीर केलं. (बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते, आमच्या कोल्हापुरात मुलीही 'येतो-जातो'च म्हणतात. मराठीच्या बाईंनी कितीही कपाळाला हात लावला तरी.) वय वर्षं नऊ. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आणि गंमत म्हणजे मी मॅचला जाणारच नव्हते. गेली तीस वर्षं गेले नव्हते.

कोल्हापुरात राहून फुटबॉलकडे पाठ फिरवणं सोपं नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांतून तालमी घुमल्या. पुढं त्याच तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ उतरले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम... परक्या माणसाला वाटावं, कुस्त्यांच्या फडाचीच यादी वाचतोय! वर्ल्ड कप आला की निम्मी पेठ ब्राझील आणि निम्मी अर्जेंटिना. चौकाचौकांत हे उंच कटआउट. २०२२ च्या डिसेंबरात अर्जेंटिनानं फ्रान्सला पेनल्टीवर हरवलं त्या रात्री फटाक्यांनी जागी होऊन सहा वर्षांच्या माझ्या लेकीनं डोळे चोळत विचारलं होतं, "मेस्सी कुठल्या पेठेचा गं?"

मला मैदानाची वाट आबांनी दाखवली. सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून माझी सीट. हातात शेंगदाण्याची पुडी. आबा स्वतः पेठेकडून खेळलेले, त्यामुळे वाटेत दहा जण थांबवायचे. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. बायका कुणी नसायच्याच. पण मी 'आबांची पोरगी' होते, मला जागा मिळायची.

१९९५ चा उन्हाळा. मी बारा वर्षांची. दोन पेठांची मॅच. (नावं सांगत नाही, उद्या दारात उभे राहतील!) शेवटच्या दहा मिनिटांत एका निर्णयावरून गलका झाला, बाटल्या आल्या, मग दगड. आबांनी मला पोटाशी धरलं आणि एकदम त्यांच्या भुवईतून रक्त यायला लागलं. तीन टाके पडले. रिक्षातून घरी येताना ते एवढंच म्हणाले, "दगड आपल्या बाजूनं आला." पुढं कधी तो विषय नाही, मैदान नाही. आज ते शहात्तर वर्षांचे आहेत. टीव्हीवर रात्री दीडपर्यंत युरोपातल्या मॅच बघतात. पेठेच्या मॅचचा निकाल मात्र कुणी सांगायला लागलं, तर उठून पाणी प्यायला जातात.

तेव्हा लेकीला काय सांगायचं? नंतरच्या वर्षांतलंही कानावर होतंच. पोलीस बंदोबस्तातल्या मॅच, लाठीमार, मारामारीमुळं मध्येच थांबलेले हंगाम. नेत्यांच्या नावांचे चषक, त्यांची वाढत गेलेली बक्षिसं, त्यापायी आफ्रिकेतून आणलेले खेळाडू. आणि मॅच संपली तरी मोबाइलवर स्टेटस ठेवून चालूच राहिलेली खुन्नस. माझी आई तर सरळ म्हणाली, "पोरीच्या जातीनं कशाला जायचं तिथं? काय ऐकायचं राहिलंय?"

या वाक्यापाशी मी अडले. इराणमध्ये पुरुषांच्या मॅचला बायकांना बंदी होती. सहर खोडायारी नावाची तरुणी पुरुषी वेशात स्टेडियमकडं गेली, पकडली गेली, तुरुंगवासाच्या भीतीनं तिनं स्वतःला पेटवून घेतलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ती गेली. पुढच्याच महिन्यात तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये कंबोडियाविरुद्धच्या मॅचला काही हजार बायकांना तिकिटं मिळाली. आपल्याकडं असली पाटी कुठंच नाही. कुणी अडवत नाही. तरी आपणच जात नाही, मुलींना पाठवत नाही, आणि न जाण्याला शहाणपण म्हणतो. बंदी घालणाऱ्याचं काम किती सोपं झालं बघा.

आणखी एक गोष्ट आठवते. २०११ मध्ये इस्तंबूलच्या फेनरबाहचे क्लबचे प्रेक्षक एका मैत्रीपूर्ण सामन्यात मैदानात घुसले. शिक्षा झाली, रिकाम्या स्टेडियमात खेळा. मग तिथल्या महासंघानं तोडगा काढला, पुरुषांना बंदी, पण बायका आणि बारा वर्षांखालच्या मुलांना फुकट प्रवेश. २० सप्टेंबरच्या त्या मॅचला चाळीस हजारांवर बायका-मुलं आली! खेळाडूंनी प्रेक्षकांत फुलं टाकली, पाहुण्या संघाचंही टाळ्यांनी स्वागत झालं. आपल्याकडंही कुणी ना कुणी म्हणतंच, 'बायका यायला लागल्या की पोरं सुधारतील.' मला हे पटत नाही. घरात त्यांना सुधारा, दारात सुधारा, आता गॅलरीतही आम्हीच? आम्हाला तिथं बंदोबस्ताला बोलावू नका. मॅच बघायला बोलावा. बसायला सावली, दाराला आतून कडी असलेलं स्वच्छतागृह आणि सुखरूप बाहेर पडायची वाट, एवढं द्या. सुधारायचं की नाही ते पोरांचं पोरांनी बघावं.

तर गेलो आम्ही. नवऱ्याशी करार झाला, शेवटची दहा मिनिटं उरली की उठायचं, गर्दी फुटायच्या आत बाहेर. लेकीला हेही सांगितलं. तिनं मान डोलावली, ऐकलं नव्हतं.

ऊन कलत होतं. हलगी, झेंडे, भडंगवाला, काकडीवाला. इतकं हिरवं मैदान तिनं टीव्हीवरच पाहिलं होतं. "आई, टीव्हीपेक्षा मोठं हाय!" मग गप्पच झाली. सातव्या नंबरचा एक बारकेला पोरगा लाइनीला चिकटून पळायचा, तिची मान त्याच्याबरोबर फिरायची. त्याला पाडलं की ही उभी. कुणी शिकवलं नव्हतं.

शिव्या? होत्या की. वीस मिनिटांत सगळा संग्रह ऐकून झाला. मी उगाच पर्स उघडून काही शोधत बसले. तेवढ्यात लेकीनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "आई, चूक तर रेफरीची हाय, मग त्याच्या आईला का मधे आणतात?"

मला उत्तर सुचलं नाही. मागच्या पायरीवरच्या पोरांनी मात्र ते ऐकलं. एकानं दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला, "ए, बारकी पोरगी हाय फुडं, तोंड आवर." आवरलं. दहा मिनिटं टिकलं, खोटं कशाला बोलू! पण पुढच्या वेळी शिवी अर्ध्यात गिळून तो पोरगा "रेफरीऽऽ... चष्मा घाला की राव!" असं ओरडला आणि आसपासचे सगळे हसले. माझी लेक सर्वांत मोठ्यानं.

मध्यंतरानंतर आमच्या पेठेनं गोल मारला. ती केव्हा माझ्या मांडीवरून बाकावर चढली, केव्हा मागच्या पोरानं तिच्या हातात झेंडा दिला, कळलंच नाही. मीही ओरडत होते. घसा धरल्यावर लक्षात आलं. बारा वर्षांची असताना जसं वाटायचं तसंच वाटलं. भुवईतलं रक्त मी विसरले नव्हते, पण त्याच्या आधीची सगळी वर्षंही माझीच होती की!

मग समोरच्यांनी बरोबरी केली. पलीकडच्या बाजूला जरा ढकलाढकली दिसली, एक बाटली हवेत उडाली. मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं. उठले.

"आई, नको ना."
"ठरलंय आपलं."
"तुझं ठरलंय!"

खरं होतं ते. तरी हाताला धरून तिला बाहेर काढलं. पार्किंगपर्यंत पोचतोय तोच मागून असा काही आवाज उठला की झाडावरचे पक्षी उडाले. गोल. कुणाचा ते कळायला मार्ग नाही. लेकीनं माझा हात झटकला. घरापर्यंत एक शब्द नाही.

वाटेत माहेरी थांबलो. आबा नेहमीसारखे टीव्हीपुढं. लेक फुरंगटून कोपऱ्यात बसली, हातात अजून तो झेंडा. आबांनी झेंड्याकडं बघितलं. टीव्हीचा आवाज कमी केला. पाणी प्यायला उठतील असं मला वाटलं, पण उठले नाहीत.

"किती झाले?"
"एक-एक. मग आईनं बाहेर काढलं. मग गोल झाला, पण कुणाचा ते माहीत न्हाई."

आबांनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "फोन लाव की कुणालातरी. विचार कुणी मारला."

पुढची मॅच येत्या शनिवारी आहे. शेवटपर्यंत बसायचं असं लेकीचं ठरलंय. माझं अजून ठरत नाही.