‘टु’च्या आधी ‘जेवाले’

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर इंग्रजीत मेल लिहितो आणि अजूनही ‘सेंड’ दाबण्याआधी एका फुटकळ शब्दापाशी अडखळतो. इथे ‘टु डू’, ‘डूइंग’ की नुसतं ‘डू’?

दोष माझा असेल, पण सगळा माझाच नाही. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मी वाढलो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. म्हणजे माझी पिढी दहावीपर्यंत दहा वर्षं ते शिकली. शिकलो काय? ‘टु’ अधिक क्रियापद म्हणजे इन्फिनिटिव्ह. कुठल्या क्रियापदापुढे ‘टु’, कुठल्यापुढे ‘आयएनजी’, याच्या दोन याद्या पाठ. परीक्षेत वाक्य बदला, गुण घ्या, विसरा.

माझं म्हणणं असं, की यातलं बरंचसं आम्हाला आधीच येत होतं. वर्गाने ते दाराबाहेर ठेवलं.

‘तो बोलायला थांबला’ आणि ‘तो बोलायचा थांबला’. यातला फरक मराठी पोराला कुणी शिकवावा लागत नाही. पहिलं ‘स्टॉप्ड टु टॉक’, दुसरं ‘स्टॉप्ड टॉकिंग’. ‘मला जाऊ दे’ म्हणताना आपण ‘जायला’ म्हणत नाही. इंग्रजीही ‘लेट मी गो’ म्हणताना ‘टु’ गाळते.

‘मराठीत विचार केलास तर चुकशील’, असं सांगतात. चुकतोच. ‘उभं राहायला लावलं’ याचं आम्ही ‘मेड मी टु स्टँड’ करतो आणि तिथे ‘टु’ नको असतो. पण ही चूक का होते, हे कळायलाही मराठी वाक्यच शेजारी ठेवावं लागतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी वाक्यं समोर ठेवूनच कितीतरी पिढ्यांना इंग्रजी शिकवलं.

आमच्या झाडीपट्टीतल्या पोरांना तर दुहेरी मार. घरी आई हाक मारते, ‘जेवाले ये’. मराठीच्या तासाला ते अशुद्ध, इंग्रजीच्या तासाला मराठीच बंद. त्या ‘ले’मध्ये ‘कम टु ईट’मधला अख्खा ‘टु’ बसलेला होता. फळ्यावर तो कुणी लिहिलाच नाही.

आता पोरांना तिसरी यादी देऊ नका. इंग्रजीच्या तासाला अर्धा फळा त्यांच्या बोलीला द्या. आम्हाला इंग्रजी कठीण गेलं नाही. आम्हाला मुकं करून ते शिकवलं गेलं.