कागद त्यांचा, कागद आपला

एकदा एका पाड्यावर आपली मीटिंग होती. मुंबईच्या शेअर घोटाळ्यावर बोलणं निघालं. तेव्हा रेडिओवर रोज त्याचंच चाललं होतं, त्यामुळे नाव सगळ्यांनी ऐकलेलं. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "त्या मेहताने नेलं तरी काय? भात नेला, सोनं नेलं, का गुरं नेली?" एका पोराने सांगितलं, "आजी, कागद. खोटा कागद दाखवला आणि बँकेने पैसे दिले." सगळे हसले. म्हातारी हसली नाही. ती म्हणाली, "खोट्या कागदावर एवढं पैसं देतात? आन् आपण खरी जमीन दाखवतो तर कागद आण म्हणून परत पाठवतात?"

त्या मीटिंगमधलं सगळ्यात मोलाचं बोलणं तेच होतं. म्हणून ते इथे मांडतो.

आधी मागचं थोडं आठवू या. 1991 साली देशावर मोठं संकट आलं. परदेशातून माल आणायला सरकारकडे डॉलर उरले नाहीत. आपण पावसाळ्याच्या तोंडावर घरातली भांडी, बायकांचे दागिने सावकाराकडे ठेवतो ना, तसंच देशाने केलं. जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं परदेशात गहाण गेलं. त्याच महिन्यात रुपयाची किंमत दोनदा उतरवली. कारखान्यांची वाढ जवळजवळ थांबली. महागाई भडकली. सरकार म्हणालं, सगळ्यांनी पोटाला चिमटा काढा.

चिमटा कुणाच्या पोटाला बसला ते रेशन दुकानात कळलं. 1991 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने रेशनच्या साध्या तांदळाचा भाव क्विंटलला 289 रुपयांवरून 377 रुपये केला. गहू 234 चा 280 झाला. म्हणजे तांदूळ किलोमागे 88 पैशांनी चढला, आणि तोही गावात पोचायच्या आधीच. मग 1992 च्या जूनमध्ये आदिवासी तालुक्यांसाठी नवी रेशन योजना काढली आणि किलोमागे 50 पैसे सूट दिली. 88 पैसे काढून घ्यायचे आणि 50 पैसे परत देऊन उपकार सांगायचे! पालेमोड घेणाऱ्या माणसाला हा हिशोब नवा नाही. सावकारही असंच करतो.

आता याच काळात मुंबईत काय चाललं होतं ते बघा.

देशात मंदी, पण मुंबईच्या शेअर बाजारात तेजी. बाजाराचा जो आकडा असतो, सेन्सेक्स म्हणतात त्याला, तो 1991 च्या सुरवातीला हजाराच्या आसपास होता. 1992 च्या 29 फेब्रुवारीला मनमोहन सिंगांनी बजेट मांडलं तेव्हा तो तीन हजारांवर पोचला. मार्च संपता संपता चार हजार. 22 एप्रिलला 4467. सव्वा वर्षात चौपट! एका सिमेंट कंपनीचा शेअर काही शेकड्यांचा होता, तो नऊ हजारांपर्यंत गेला. पेपरवाल्यांनी लिहिलं, मुंबई देशाला वर काढतेय. दलाल स्ट्रीटवरच्या हर्षद मेहताचे फोटो छापले, त्याच्या मोटारी मोजल्या.

आपण साधा प्रश्न विचारू. त्या वर्षी सिमेंट चौपट झालं का? गोणी मोठी झाली का? गोणी उचलणाऱ्या हमालाची मजुरी चौपट झाली का? नाही. मग चौपट काय झालं? कागद.

हे पैसे आले कुठून, ते 23 एप्रिलला पेपरात फुटलं आणि मग रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने उकलून दाखवलं. बँका एकमेकींना सरकारी रोखे विकतात. तेव्हा रोखे लगेच हातात द्यायच्या नाहीत, एक पावती द्यायच्या. त्या पावतीचा अर्थ एवढाच की तुमचे रोखे आमच्याकडे ठेवलेत, मागाल तेव्हा देऊ. या पावतीवर दुसरी बँक पैसे द्यायची. मधले दलाल काय करायचे, तर लहान बँकांकडून पावत्या आणायचे. पावती आहे, पण तिच्यामागे रोखाच नाही! गोठ्यात बैल नाही आणि बैल बांधलाय म्हणून चिठ्ठी लिहून दिली, तसला प्रकार. त्या चिठ्ठीवर मोठमोठ्या बँकांनी चेक फाडले, पैसे दलालांच्या खात्यात गेले आणि तिथून शेअर बाजारात. समितीच्या पहिल्याच रिपोर्टात तीन हजार कोटींच्या वर रकमेचा मेळ लागला नाही. बँक ऑफ कराड बुडाली. त्या बँकेत गावाकडच्या साध्या माणसांच्या ठेवी होत्या. त्यांनी काय गुन्हा केला होता?

एवढ्या बँका, एवढे शिकलेले साहेब, पण कुणी म्हणालं नाही की चल, गोठा दाखव.

आता आपल्याकडे या. आपला बाप, आजा ज्या दळीवर, ज्या एकसाली प्लॉटवर नागली-वरई करत आला, ती जमीन जागेवर आहे. बांध आहे. बांधावरचं आंब्याचं झाड आजाने लावलंय. विहिरीचे दगड आपल्या आईने डोक्यावरून आणलेत. गोठा आहे, बैलही आहे. नाही तो फक्त कागद. महाराष्ट्र सरकारने 1978 च्या डिसेंबरात ठराव केला की 31 मार्च 1978 पर्यंतची वनजमिनीवरची अतिक्रमणं अटी बघून कायम करायची. 1992 साली त्याला चौदा वर्षं झाली. तरी आपले लोक कचेरीच्या पायऱ्या झिजवतच होते. साहेब म्हणतो, पुरावा आण. पुरावा म्हणजे काय, तर त्याच्याच खात्याने कधी लिहून न दिलेला कागद!

शहराला कागद पुरतो, जमीन लागत नाही. आपल्याला जमीन पुरत नाही, कागद लागतो. कायदा एकच, पण तो माणूस बघून बदलतो.

काही जण म्हणतील, शहर वाढलं तर आपल्यालाही कामं मिळतात, मग तक्रार कसली? हे अगदीच खोटं नाही. दिवाळी झाली की आपण जगायला जातो. भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर, रेतीवर, बिल्डिंगच्या कामावर. ती मजुरी नसती तर पुष्कळ चुली पेटल्या नसत्या. शहराशी आपलं वैर नाही. पण शहराच्या वाढीत आपला वाटा किती, हे विचारायचं की नाही? मुंबईला पाणी जातं ते तानसा, वैतरणा, भातसा धरणांतून. तानसा तलाव 1992 साली शंभर वर्षांचा झाला. शंभरावर वर्षं पाणी आपल्या डोंगरातून जातंय, आणि धरणाच्या कडेच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन मैल मैल चालतात. हा शहराच्या वाढीतला आपला वाटा.

आणि मुंबईतला गरीब तरी कुठे वाढला? गिरणी कामगारांचा 1982 चा संप आपल्याला ठाऊक आहे. हजारो कामगार परत कामावर घेतलेच नाहीत. मग 1991 च्या नियमांत गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली. एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक सरकारी घरांना, एक मालकाला, असं त्यात होतं. कामगाराचा हिस्सा त्यात कुठे लिहिला होता? त्यांची गिरणी, आपलं रान. दोन्हीकडे राबणारा वेगळा आणि मालक वेगळा.

ज्या वर्षी मुंबईचा आकडा 4467 झाला, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं मेली. मुंबईपासून दीडशेक किलोमीटरवर. श्रावण-भादव्यात कणगी रिकामी, रोजगार हमीचं काम बंद, कडूकंद उकडून खायचं. हे आपण दरसाल भोगतो. पोरं मेली तेव्हा कुठे सरकारच्या मोटारींना रस्ता सापडला. सरकारी कागदात कारण काय लिहितात? गोवर, जुलाब, ताप. भूक असं कधी लिहीत नाहीत. तिथेही कागद त्यांचा.

म्हणून आता रडत न बसता आपला कागद आपणच तयार करायचा. 1991 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या वनजमिनीच्या दाव्यांवर सुप्रीम कोर्टाने हुकूम दिलाय की प्रत्येक दाव्याची चौकशी करा, आणि नुसतं कागदावर अडून बसू नका, दुसराही पुरावा बघा. हे साहेबाला ठणकावून सांगायचं. आणि गावोगाव एवढं करायचं:

एक, गार्डने जुन्या काळी जमीन कसल्याबद्दल दंड केला असेल तर त्याची पावती शोधा. कौलाखाली, पेटीत, जिथे असेल तिथे. त्याने शिक्षा म्हणून दिलेला कागद आज आपला सगळ्यात पक्का पुरावा आहे, कारण त्यावर साल आहे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. अस्सल पावती कुणाच्याही हातात देऊ नका, नक्कल द्या.

दोन, गावातल्या म्हाताऱ्यांना बसवून विचारा, कुठला प्लॉट कुणी कधीपासून केला. लिहिता येणाऱ्या पोरांनी ते वहीत लिहायचं, पाच जणांच्या सह्या-अंगठे घ्यायचे. म्हातारं माणूस गेलं की पुरावा गेला, म्हणून उशीर नको.

तीन, बांध, विहीर, झाडं, घराचं जोतं मोजून ठेवा. चौकशीला साहेब आला की कचेरीत बसून नाही, शेतावर चला म्हणायचं. सगळ्या गावाने बरोबर जायचं, बाया पुढे.

चार, वाचून दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही.

मुंबईची तेजी खोट्या पावत्यांवर उभी होती, ती दीड वर्षही टिकली नाही. आपली नागली दरसाल उगवते. पुढच्या मीटिंगला येताना प्रत्येक पाड्याने आपली वही आणि दंडाच्या पावत्या घेऊन या. पहिला नंबर त्या म्हातारीच्या पाड्याचा.

जिंदाबाद!