सही म्हणजे साक्षरता नव्हे!



१ मे १९६० ला आपले राज्य आले. १९६४ ला राजभाषेचा कायदा झाला, कारभार मराठीत आणायचे ठरले. उत्तम! पण पांढऱ्यावर काळे काय लिहिले आहे हेच ज्याला लागत नाही, त्याला सातबारा मराठीत काय नि इंग्रजीत काय? तो अंगठा उठवतो, आणि सावकार वाचून दाखवील तेच खरे!

२०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात साक्षर पुरुष शेकडा ८८, बाया शेकडा ७६. नंदुरबार जिल्हा तर शेकडा ६४ वर! शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांपुरता. मग ज्यांची शाळा गुरांमागे नि उसाच्या फडात बुडाली, त्यांनी हक्क मागायचा कुणाकडे?

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ साली साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम निघाली. गावेच्या गावे साक्षर झाली, समारंभ झाले. पुढे हाती पुस्तक पडले नाही, वर्ग उरला नाही; पुष्कळजण शिकलेले विसरले. समारंभाने साक्षरता टिकत नाही, रोजच्या वाचनाने टिकते.

वय झालं, आता काय शिकायचं, असे कुणी म्हणू नये. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा भरली. गुलाबी लुगडी नेसून आज्या पाटी घेऊन बसल्या.

केंद्राचा ‘उल्लास’ कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आखला आहे, १५ वर्षांपुढच्यांसाठी. शिकवणार कोण? बिनपगारी स्वयंसेवक! सेवाभाव थोर खरा, पण त्याच्या जिवावर सरकारने हात झाडावेत काय?

आणखी एक रोखठोक गोष्ट. आपण मातृभाषेचे राज्य मागितले. मग सातपुड्यातल्या पावऱ्याला, मेळघाटातल्या कोरकूला, गडचिरोलीतल्या माडियाला पहिला धडा त्याच्याच बोलीत नको का? जे आपल्यासाठी मागितले ते दुसऱ्याला नाकारणे मराठी बाण्याला शोभत नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. शिकवणाऱ्याला मानधन द्या. गावोगाव, वस्तीवस्तीवर वाचनालय द्या. वर्ग माणसाच्या कामाच्या वेळा बघून भरवा. पहिला धडा बोलीत, पुढचा मराठीत द्या. आणि परीक्षा एकच ठेवा: शिकलेल्या माणसाने आपला सातबारा, आपले रेशनकार्ड, आपला कर्जाचा कागद स्वतः वाचून दाखवावा. नुसती सही गिरवून घेऊन आकडे फुगवू नका!

राज्य मराठीत आले. ते प्रत्येकाला वाचता आलेच पाहिजे!